जरेच्या गालावरचा तीळ

आमच्या घरी दर श्रावणात एक राक्षसीण यायची, महिनाभर राहायची आणि आई तिला पुरणाचा नैवेद्य दाखवायची. मला लहानपणी याचं भारी कौतुक होतं. एरवी आमच्याकडे ताटात टाकलेलं चालत नसे, मोठ्यानं हसलेलं चालत नसे, दिवेलागणीनंतर बाहेर राहिलेलं तर नाहीच. राक्षसीण मात्र चालायची.

ती यायची जिवतीच्या कागदावरून. अंबरनाथला फॅक्टरीच्या कॉलनीत आमचं क्वार्टर होतं, वडील तिथे ऑफिसर होते. श्रावण लागला की आई बाजारातून तो छापील कागद आणायची आणि देवघराशेजारच्या भिंतीवर खळीनं चिकटवायची. त्यावर वर नरसिंह, शेजारी नागाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, खाली हत्तीवर बसलेला बुध आणि वाघावर बसलेला बृहस्पती. मधल्या मोठ्या चौकटीत दोन बायका, जरा आणि जिवती. दोघींच्या मांडीवर पोरं, खांद्यावर पोरं, मधे पाळणा, पाळण्यातही पोर. लेकराबाळांना सुखरूप ठेवणाऱ्या या देवता. शुक्रवारी त्यांची पूजा, आघाड्याची आणि दूर्वांची माळ, कापसाचं वस्त्र.

त्या चौकटीत एकही पुरुष नव्हता. यांचे नवरे कुठे गेले, असं मी विचारलं तेव्हा आई म्हणाली, कामावर. आमच्या कॉलनीत सगळ्यांचेच नवरे भोंगा वाजला की कामावर जायचे, त्यामुळे ते मला पटलं. नरसिंहाबद्दल मात्र मी तिला सोडलं नाही. हा माणूस की सिंह? दोन्ही, असं ती वाटाणे सोलत म्हणाली. पण त्यातला खरा कुठला? आई वैतागली. दोन्ही खरं, जा अभ्यासाला बस. मी अभ्यासाला बसले नाही, पण ते उत्तर जपून ठेवलं. घरातही नाही, बाहेरही नाही, नेमकं उंबऱ्यावर बसणारा हा देव मला बाकीच्या देवांपेक्षा जवळचा वाटायचा. का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

आणि जरा. ती राक्षसीण, हे आईनंच सांगितलं. एका राजाच्या दोन राण्यांना अर्धं अर्धं मूल झालं. ते दोन तुकडे घाबरून बाहेर टाकून दिले. जरेनं ते उचलले, एकमेकांना जोडले आणि पोर रडायला लागलं. मग राक्षसिणीची पूजा कशाला करायची, असं मी विचारलं.

"राक्षसीण असली म्हणून काय झालं?" आई म्हणाली. "लोकांनी टाकलेलं तिनं जोडलं."

पूजा झाली की आई मला पाटावर बसवायची. ताम्हनात पुरणाचे छोटे छोटे दिवे, त्यात तुपात भिजवलेल्या वाती. त्या दिव्यांनी ओवाळायची, डोक्यावर अक्षता टाकायची. ज्या घरातलं मूल परगावी असेल त्या घरातली आई त्याच्या नावानं चारी दिशांना अक्षता टाकते. मूल कुठेही असो, तांदळाचे दाणे त्याच्या दिशेनं जातात. मी समोरच बसलेली असले तरी आई चारी दिशांना टाकायचीच. कोण जाणे कधी कुठे जाशील, म्हणायची.

कॉलेजला जाईपर्यंत मला स्वतःबद्दल जे कळायचं ते कळलं होतं. मला बायका आवडत होत्या. रडले-बिडले नाही. नरसिंहाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

चित्रकलेचा कोर्स करून मी उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका छापखान्यात चिकटले. काम म्हणजे अगरबत्तीच्या पुड्यांवर देव काढायचे, बांगड्यांच्या खोक्यांवर पऱ्या काढायच्या, लग्नपत्रिकांवर शहनाई वाजवणारे हत्ती काढायचे. मालक सिंधी. आम्ही सगळे त्यांना शेठ म्हणायचो, ते मला बेटा म्हणायचे. आजूबाजूला सगळीकडे शिलाई मशिनी, जीन्सचे ढीग, पापड वाळत घातलेले. माझ्या टेबलावर रंगाच्या वाट्या आणि एक फुटका आरसा, कारण हाताचा किंवा मानेचा कुठलाही कोन अडला की मी त्यात बघून काढायचे.

जवळच्या एका मॅटर्निटी होमची बिलबुकं आमच्याकडे छापली जायची. त्यांना बाळाच्या जन्माचं एक शुभेच्छाकार्डही हवं होतं. मी परदेशी कार्डात बघून चोचीत बाळाचं गाठोडं धरलेला पक्षी काढला. कार्ड पसंत करायला तिथली नर्स आली. पांढरी साडी, एक भुवई मधोमध तुटलेली, लहानपणी पाटावर आपटून. तिनं चित्र हातात धरून निरखलं आणि हा बगळा आहे की बदक, असं विचारलं. बगळाच आहे, मी म्हटलं.

"बाळ बगळा आणत नाही," ती म्हणाली. "मी आणते."

मी दुसरं कार्ड काढलं. त्यात पांढऱ्या पंखांची एक बाई, हातात बाळ, एक भुवई तुटलेली. ते तिनं पसंत केलं, आणि पुढच्या आठवड्यात कुठलंही काम नसताना छापखान्यात आली. दोन वर्षांनी आम्ही बदलापूरला एका नव्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं जागा घेतली. खिडकीतून तेव्हा भाताची खाचरं दिसायची आणि पलीकडे डोंगर. घरमालकाला आम्ही मैत्रिणी आहोत असं सांगितलं, आणि ते खरंच होतं. आमच्या नात्याला तेव्हा आमच्याकडे दुसरा शब्द नव्हता. शब्दावाचून आमचं काही अडलं नाही.

अडलं ते आईपाशी. वडील निवृत्त झाले होते आणि आईवडील अंबरनाथलाच एका फ्लॅटमध्ये राहायला गेले होते. आईनं पुण्याचं एक स्थळ आणलं. मी तिला स्वयंपाकघरात उभं राहून सगळं सांगितलं. कोण, कधीपासून, कसं. घुमवून-फिरवून सांगणं मला जमत नाही. आईनं गॅस बारीक केला. वडिलांनी बाहेर पेपर उघडला, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तो त्यांनी पुढची काही वर्षं मिटलाच नाही.

"तू येत जा," आई म्हणाली. "तिला इथे आणू नकोस."

मी म्हटलं, येईन तर तिला घेऊनच येईन, नाहीतर येणार नाही. माझा स्वभाव आईवरच गेलाय, त्यामुळे दोघींनीही आपापला शब्द पाळला. नातेवाइकांच्या लग्नात भेटायचो. वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात शेजारी शेजारी बसून चहा प्यायलो. मला न्यायला ती आली होती, तेव्हा आईनं तिला दारातूनच एकदा बघितलं. पण घरी मी गेले नाही. श्रावणातले शुक्रवार आले की मला ते पुरणाचे दिवे आठवायचे. आई आता पाट रिकामा ठेवून दिशांना अक्षता टाकत असेल हे मला पक्कं माहीत होतं, आणि मी चिडायचे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे तेव्हा एकसुद्धा स्टेशन नव्हतं. दिशेला कसल्या टाकतेस, ये की!

अशाच एका उन्हाळ्यात शेठनी माझ्यासमोर जिवतीचा जुना कागद टाकला. श्रावणासाठी ते दरवर्षी छापायचे आणि कल्याणपासून वांगणीपर्यंतच्या बाजारांत विकायचे. मूळ चित्र झिजून गेलं होतं. जिवतीच्या मांडीवरचं पोर बटाट्यासारखं दिसत होतं. शेठ म्हणाले, नया बना दे, जसं आहे तसंच.

जसं आहे तसं मी काढलं नाही.

जुन्या चित्रात जरा आणि जिवती अगदी एकसारख्या होत्या, एकीचा छाप दुसरीवर मारावा तशा, आणि दोघी समोर बघत होत्या, फोटो काढायला बसवल्यासारख्या. एवढी पोरं सांभाळणाऱ्या दोन बायका एकमेकींकडे बघत नाहीत, हे मला पटेना. रोज संध्याकाळी आमच्या घरात एक बाई ड्यूटीवरून यायची, पाय धुवायची आणि दुसरीच्या डोळ्यांत बघून म्हणायची, आज एक पायाळू झालं, बाळबाळंतीण सुखरूप आहेत. ते बघणं मला काढायचं होतं.

रविवारी दुपारी मी तिला खिडकीपाशी बसवलं. मांडीवर उशी दिली, पोर समजून धर म्हटलं. ती उशीसुद्धा अशी धरायची की मान सांभाळलेली असायची. तुटक्या भुवईसकट तिची झाली जिवती. मग मी टेबलावरचा फुटका आरसा उभा करून त्यात बघत स्वतःला काढलं, आणि ती झाली जरा. राक्षसीण मीच, यावर आमच्या घरात वाद झाला नाही. जरेला मी आडवं नाक दिलं, ठसठशीत डोळे दिले, गालावर माझा तीळ दिला आणि ओठांच्या कोपऱ्यात दोन बारीक सुळे. दोघींचे चेहरे एकमेकींकडे वळवले. पाळण्याची दोरी एकच, आणि तिच्यावर दोघींचे हात.

मग मला थांबवेना. नरसिंहाच्या डोळ्यांत काजळ घातलं, पापण्या लांब केल्या, आयाळ नीट विंचरली. नखं आहेत तशीच ठेवली, कारण ती लागतातच. त्याचा एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, आणि चेहऱ्यावर असं की इथे बसायला मला कुणाची परवानगी नको. जुन्या कागदात बुध आणि बृहस्पती एकमेकांकडे पाठ करून चालले होते. मी हत्ती आणि वाघ शेजारी शेजारी आणले आणि त्या दोघांना गप्पा मारत बाजारातून परतणाऱ्या माणसांसारखं बसवलं. एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर टेकला. हत्तीची वाघाबद्दल काही तक्रार नव्हती. काळ्या रेषेचं एक चित्र, मग लाल, पिवळ्या, निळ्या रंगासाठी वेगवेगळे ट्रेसिंग पेपर, असं सगळं करून मी शेठच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

शेठनी चष्मा वर केला, खाली केला. आधी सुळ्यांवर बोट ठेवलं. देवी आहे, डाकीण नाही, हे पुसून टाक, म्हणाले. तिळावर बोट ठेवलं आणि तो मात्र राहू दे म्हणाले, बच्चों की देवी को नजर का टीका तो चाहिए. मग बराच वेळ त्या दोघींकडे बघत राहिले. या बहिणी आहेत का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मैत्रिणी? मी म्हटलं, घर चालवतात दोघी मिळून.

मला वाटलं, आता चित्र परत येणार. शेठ खिडकीबाहेर बघायला लागले. फाळणीनंतर ते तान्हे असताना या कॅम्पात आले होते, एवढं मला ठाऊक होतं.

"हम को भी दो माँओं ने बड़ा किया, बेटा, बॅरक में," ते म्हणाले. "एक सगी, एक पड़ोस की. आज कोई पूछे सगी कौन सी थी, तो सोचना पड़ता है."

आणि त्यांनी चित्र छपाईला पाठवलं. सुळे मी पुसले, पण डोळ्यांतला राग ठेवला. तो कुणाला खटकला नाही.

त्या श्रावणात मी बदलापूर स्टेशनाबाहेर नुसती उभी राहायचे. बारवी धरणाकडच्या पाड्यांवरून आलेल्या बायका आघाडा, दूर्वा, फुलं घेऊन बसायच्या आणि शेजारी दगडाखाली दाबलेले ते कागद. घे गो बाय, जिवती घे, आघारा पन ताजा हाय, असं एक म्हातारी मलाच म्हणाली. मी तिच्याकडून माझं चित्र विकत घेतलं. घरोघरी ते लागलं. शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात, मॅटर्निटी होमच्या बाळंतिणींच्या खोलीत, छापखान्यासमोरच्या पापडवालीच्या दुकानात. माझी जिवती हळदीकुंकू लावून घेत होती, तिच्या गळ्यात आघाड्याच्या माळा पडत होत्या, आणि घरी तिची तक्रार एकच, की माझं नाक एवढं मोठं आहे का?

मला गर्व झाला, आणि तो मी लपवत नाही. आम्हाला ज्या घरांत कुणी जोडीनं जेवायला बोलावलं नसतं, त्या घरांत आम्ही जोडीनं भिंतीवर होतो आणि पुरण आमच्यासमोर होतं. कुणाला फसवलं असं मला कधी वाटलं नाही. त्या भिंतींवर मूळच्याच दोन बायका होत्या. मी त्यांना फक्त एकमेकींकडे बघायला लावलं.

आईला मी हे कळवलं नाही. ती कागद कुठून घेते, कुठला घेते, विचारलंही नाही. शेठ दरवर्षी तेच चित्र छापत राहिले आणि अशी बरीच वर्षं गेली.

मग शेठच्या मुलानं छापखाना हातात घेतला, कॉम्प्युटर आणला. जिवतीचा कागद गुळगुळीत झाला, गुलाबी-जांभळा, आणि त्यातल्या दोघी पुन्हा समोर बघायला लागल्या, गालावर तीळबीळ काही नाही. मूळ चित्र शेठनी कपाटातून काढून माझ्या हातात दिलं. मी ते बदलापूरला आणून हॉलमध्ये फ्रेम करून लावलं.

त्याच श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी दुपारी बेल वाजली. मी दार उघडलं तर बाहेर आई. एका हातात स्टीलचा डबा, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीतून आघाडा डोकावत होता. ती त्या घरात पहिल्यांदाच येत होती. पत्ता तिनं कुणाला विचारला कुणास ठाऊक. ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच बोलली.

"या वर्षी कागद बदललाय," ती म्हणाली. "जुना कुठे मिळेना. अख्खा बाजार फिरले. तुझ्याकडे असेल."

श्रावण संपला की जुना कागद विसर्जन करतात, हे मला ठाऊक होतं. म्हणजे तिच्याकडे गेल्या वर्षीचा नव्हता. आणि तो माझ्याकडे असेल हे तिला ठाऊक होतं. मी बाजूला झाले. आईनं चपला काढल्या आणि उंबरा ओलांडून थेट फ्रेमपाशी जाऊन उभी राहिली. जरेच्या गालावर तिनं बोट टेकवलं.

"तीळ चुकीच्या गालावर काढलायस," ती म्हणाली. "तुझा डावीकडे आहे. पहिल्या वर्षीच बघितलं मी."

मी गालाला हात लावला. आरशात बघून काढलं होतं, तीळ उलटा पडला होता, आणि इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. हजारो घरांतल्या कुणालाही तो खटकला नव्हता. खटकला तो फक्त तिला, आणि तरी दर वर्षी ती तोच कागद शोधून आणत होती, चुकलेल्या तिळासकट. मग तिचं बोट जिवतीच्या भुवईवर गेलं. हिचं मात्र बरोबर आहे, म्हणाली, हिच्याकडे नीट बघितलंस.

खरी जिवती ड्यूटीवरून येऊन नुकतीच न्हाली होती. केसांना पंचा गुंडाळून आतून आली आणि आईला बघून दारातच खिळली. आईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग विचारलं, घरात पाट किती आहेत?

पाट एकच होता. आईनं तिच्या केसांचा पंचा सोडून तिला त्यावर बसवलं आणि मला शेजारी चटई दिली. डब्यातून पुरणाचे दिवे काढले, ताम्हनात मांडले, वाती लावल्या. फ्रेमला आघाड्याची माळ घातली, कापसाचं वस्त्र काचेवर चिकटेना म्हणून थोडी कुरकुर केली. आम्हाला दोघींना ओवाळलं, आधी तिला, मग मला. पाटावरच्या तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

मग आईनं मूठभर अक्षता घेतल्या आणि सवयीनं उठून खिडकीकडे वळली. हात वर गेला आणि तिथेच थांबला. बाहेर खाचरांत भात हिरवागार उभा होता.

"इथून आता कुठे टाकू?" ती म्हणाली. "घरून बदलापूरच्या बाजूला दोनदा टाकायचे. एकदा तुझ्या नावानं, एकदा हिच्या."

मग ती मागे फिरली आणि हातातल्या सगळ्या अक्षता तिनं आमच्या दोघींच्या डोक्यांवर एकदम टाकल्या. संध्याकाळपर्यंत तिच्या ओल्या केसांत तांदूळ सापडत होते. मी ते काढू दिले नाहीत.